ताईचं तिकीट

वेधशाळेला शंभर वर्षं झाली म्हणून टपाल खात्याने चार तिकिटं काढायचं ठरवलं आणि चित्रांचं काम ताईच्या चित्रकार भावाकडे, धाकट्याकडे, आलं. खरं तर त्याची पन्नाशी उलटली होती, पण ताईच्या लेखी तो धाकटाच.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिची सगळी नोकरी त्या वेधशाळेत झाली. काचांवर घेतलेले आकाशाचे फोटो भिंगाखाली धरून ताऱ्यांच्या जागा मोजायच्या, हे तिचं काम. त्यामुळे तीन तिकिटांवर घुमट आणि दुर्बिणी काढल्यावर चौथ्यावर काय काढायचं, हे धाकट्याला कुणी सांगावं लागलं नाही. भिंगावर वाकलेली ताई!

"काय काढतोयस, दाखव की," ती विचारायची.

"छापून आल्यावर बघ. आत्ता लुडबुड नको."

"बरं बाई! मोठे चित्रकार तुम्ही."

तिला चकित करायचं त्याच्या मनात होतं. पण खात्याचा कारभार मुंगीच्या पावलांनी चालला. कधी रंग नापसंत, कधी अक्षरं बारीक. दरम्यान ताईला दिसेनासं होत चाललं. ती कपाच्या बाहेर चहा ओतू लागली, उंबऱ्याला अडखळू लागली. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा नाही. जेवढी नजर उरली आहे, तीही जाईल. त्या संध्याकाळी चित्र टेबलावरच होतं. धाकट्याने ते उचललंसुद्धा. मग वाटलं, आता थोडक्या दिवसांसाठी घाई कशाला? आणि परत ठेवून दिलं.

तिकिटं निघाली तेव्हा ताईला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. समारंभात त्याने तिच्या हातात तिकीट ठेवलं. तिने कडेच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"यावर तू आहेस, ताई. भिंगापाशी."

तिने बोट तिकिटाच्या मधोमध आणलं. मग म्हणाली, "केस कसे काढलेस?"

"लांब वेणी. पुढे आलेली."

"अरे वेड्या, वेणी काचेवर लोळली असती! अंबाडा घालायचे मी. आधी दाखवलं असतंस तर सांगितलं असतं ना." आणि ती खळखळून हसली.

धाकट्याला हसू आलं नाही. घरी आल्यावर त्याने मोठ्या कागदावर जाड काळ्या रेघांनी तिला पुन्हा काढलं, अंबाड्यासकट, आणि तिला खिडकीपाशी नेलं. ताईने कागदाला जवळजवळ नाक लावलं.

"काही दिसतंय?"

"कुणीतरी आहे खरं," ती म्हणाली. पण त्याचं मन राखायला ती असंच बोलते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.