फक्त गुलाबी

धाकट्या जावेवर मी जळत होते. कुणी तोंडावर विचारलं असतं तर "छे, काहीतरीच काय!" म्हणून उडवून लावलं असतं, पण इथं कशाला लपवू? लई जळत होते.

आधी आमच्या घरात गाडी चालवणारी मी एकटी. नवऱ्याला स्टिअरिंग धरलं की घाम फुटतो आणि दिराला मोटारसायकल पुरते. चाळिशी उलटल्यावर मी क्लास लावला, शाळेतल्या नोकरीच्या पगारातून एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून दर शनिवारी सासूबाईंना खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला मीच नेते. शेजारच्या सीटवर त्या, मांडीवर नारळाची पिशवी, आणि मिटमिट्यापासून घाट संपेपर्यंत सगळ्या गल्लीच्या भानगडी. पोटच्या लेकांना सांगत नाहीत ते मला सांगायच्या. आठवड्यातले तेवढे दोन तास सासूबाई माझ्या एकटीच्या असायच्या.

मग धाकटी आली. सोयगावकडची. माहेरी ट्रॅक्टर, जुनी जीप, आणि ही बापाच्या हाताखाली पाने-पकडी देत वाढलेली. लग्नाला सहा महिने झाले नसतील, तिनं माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. न विचारता नाही हं, रीतसर विचारून. तोच तर खरा त्रास, बाईत खोड काढायला जागाच नाही.

"ताई, ह्यात कूलंट नाय हो. नुसतं बोअरचं पाणी हाय."

होतंच. इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की मी बादलीतून तांब्याभर ओतायची. आमच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरी खपली धरते, ते इंजिनाला तरी कसं सोडेल? तिनं झाकणाच्या आतून बोट फिरवलं आणि तो गंजका थर सगळ्यांना दाखवला. सगळ्यांना! मला एकटीला दाखवला असता तर काय बिघडलं असतं?

पुढच्या रविवारी अंगणात तिनं सोहळाच मांडला. इंजिन गार असताना खालचा पाइप सोडला, तांबडं पाणी घमेल्यात काढलं. बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं दोनदा आतून धुतलं. मग गुलाबी कूलंट ओतलं, इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण सोडला आणि आत अडकलेली हवा बुडबुडे येऊन निघून जाईपर्यंत वाट पाहत बसली. हवा निघाली तशी पातळी खाली गेली, तेवढं परत भरलं. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत कीर्तनाला बसल्यासारख्या बसलेल्या. आणि मी? गाडी माझी, हप्ते मी फेडलेले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी!

"पोरगी लईच हुशार हाय गं," सासूबाई म्हणाल्या. सतरा वर्षं मी त्यांना पुरणपोळ्या करून घातल्या, असला "लईच" माझ्या वाट्याला कधी आला नाही.

धाकटीनं बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवली, 'फक्त गुलाबी'. वर सगळ्यांना बजावलं, "हिरवं मिसळायचं नाय, दोन्ही मिळून आत चिखल होतो. आन् पातळी खाली जायला लागली तर मला सांगा. म्हणजे कुठंतरी गळतंय."

या उन्हाळ्यात पातळी खाली जायला लागली. मला दिसत होतं. सांगितलं का? सांगतंय माझं खेटर! कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तिथं हिरवंच होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सब एकच असतंय, रंगाचं काय घेऊन बसलात?" गुलाबी नेमकं कोणतं, हे विचारायला धाकटीकडं जावं लागलं असतं. मी हिरवी बाटली घेतली. घर उठायच्या आत खाली येऊन चार शनिवार ओतत राहिले, आणि वर त्या चिठ्ठीकडं बघून नाक मुरडलं.

चौथ्या शनिवारी निघायच्या वेळी सासूबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "आज धाकटीला चालवू दे की. घाटात तिचा हात बसलेला हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता हेही गेलं! "आज मीच नेते आई. चला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि निमूट गाडीत बसल्या.

दौलताबादचा घाट अर्धा चढला नाही तोच समोर लाल दिवा लागला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं आणि नॅपकिन घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागून सासूबाई ओरडल्या, "अगं थांब! गरम असताना झाकण काढायचं नसतं. तोंडावर उसळतंय. धाकटी म्हणली होती." घ्या! घाटातसुद्धा धाकटी!

"लाव तिला फोन," त्या म्हणाल्या. लावला. काय करता? नाक मुठीत धरून लावला.

तासाभरात ती स्कूटरवर आली, उन्हानं तोंड लालबुंद, पायाशी पाण्याचे दोन कॅन. तोवर इंजिन निवलं होतं. तिनं झाकण काढलं, आत बोट घातलं. भिजवलेल्या मेंदीसारखा गिळगिळीत चिखल बोटाला आला. तिनं चिखलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "पाइप गळतोय आई. जुनाच होता तो. ताईंची काय चूक नाय."

तिनं चारचौघांत माझी शोभा केली असती तर परवडलं असतं. पण ही मला वाचवायला निघाली होती! इथंही हीच मोठी! मला ते सहनच झालं नाही.

"हिरवं मी ओतलंय," मी जवळजवळ ओरडलेच. "चार वेळा. हिला विचारायचं नव्हतं म्हणून ओतलं. झालं समाधान?"

एक एसटी घाट चढून वर गेली.

"मला ठाऊक हाय," सासूबाई म्हणाल्या. "पहाटं गच्चीवर तुळशीला पाणी घालते मी. चारी वेळा बघितलं तुला, हिरवी बाटली घेऊन उभी असलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हिच्यापुढं तुझी मान खाली गेली असती. म्हणून तर सकाळी म्हणलं, धाकटीला चालवू दे. बॉनेट उघडून बघितल्याबिगर ती गाडी काढत नाय, तिच्या ध्यानात आलं असतं गुपचूप, तुझं नाव न निघता."

"आणि मी ऐकलं नाही, तरी बसलात? वाटेत बंद पडणार हे माहीत असून?"

"तू चल म्हणलीस," त्या पदरानं मान पुसत म्हणाल्या. "तुला नाय म्हणून मी कुठं जाऊ बाई?"

धाकटी रेडिएटरवर वाकून पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. पाणी बाजूला सांडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं मान वर केली, सासूबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि घाईनं परत खाली घातली. तो चेहरा मी लगेच ओळखला. दोन वर्षं मी तोच घेऊन घरात वावरत होते.

भर उन्हात एवढ्या लांबून धावत आलेली पोर. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.