जूनमधलं बेट

आज दारात ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना थोडं सांडलं आणि त्या वासानं माझा हात आपोआप मनगटाकडं गेला.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघं आमच्या लासुर्णे गावाहून अंदमानातल्या एका लांबच्या बेटावर निघालो होतो, भर जूनमध्ये. महिना ह्यांनीच ठरवला. ऊस कारखान्याला गेला होता, नवी लागण जुलैत, मधे रान मोकळं म्हणून आम्हीही मोकळे. समुद्राचं कुणी विचारलंच नव्हतं.

बोट वर चढली की नुसतं आभाळ दिसायचं, खाली आदळली की समोर पाण्याची काळी भिंत. डिझेलच्या वासात उलट्यांचा आंबूस वास मिसळला होता. विहिरीत बिनधास्त उड्या मारणारे हे माझं मनगट आवळून बसले होते. काचेची बांगडी फुटून रुतली, तरी पकड सुटली नाही. तेव्हा वाटलं, मला धीर देतायत. आता कळतं, ते स्वतःच बुडत होते.

"तात्या, आम्ही दोघं त्या बेटावर कधी जावं?" सुनेनं मघाशी ह्यांना विचारलं.

"डिसेंबरात."

"पण तेव्हा तर उसाची तोड असती!"

ह्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं.

"असू दे. ऊस वाळला तर वाळू दे."