नेमाची भरपाई

आमच्या घरात नेमाला फार मान. नेम धरला की सोडायचा नाही आणि चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुपटीनं भरून काढायचा, हे मी सासूबाईंकडून शिकले आणि त्यांच्यापेक्षा कडक पाळलं. माझा स्वभावच तसा हट्टी. नवरा म्हणायचा, "तुझ्यापुढं महादेवाचं बी काय चालत न्हाय की." मला ते कौतुक वाटायचं.

नवऱ्याचा जन्म चादरींच्या कारखान्यात यंत्रमागापुढं उभं राहण्यात गेला. काम सुटलं आणि वर्षाच्या आत हृदयाचा झटका आला. त्यातून ते वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर पाच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं जास्त. चालताना नीट बोलता आलं पाहिजे. छातीत जड वाटलं की थांबायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि तडक दवाखान्यात यायचं. आजारपणात खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करायची. आम्ही उठताना डॉक्टर म्हणाले, "आणि हा रोजचा नेम सोडू नका." एवढं सगळं ऐकून भवानी पेठेतल्या घरी मी मनाशी धरून आले तो एकच शब्द, नेम.

आमच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत, ही एक फेरी. ते चालायचे, मी उंबऱ्यात ज्वारी निवडत बसायचे आणि फेऱ्या मोजायचे. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, तीही भिंतीच्या कडेकडेनं. दोन-अडीच महिन्यांत पाच झाल्या. खरंच फरक पडला. चेहऱ्यावर रंग आला, दीड भाकरी जाऊ लागली. गिरणीवाल्याशी थट्टा करत परत यायचे. मी गल्लीत सांगत सुटले होते, बघा, मी पाळायला लावलं म्हणून झालं.

मग त्यांना ताप आला. चार दिवस अंथरुणात गेले. पाचव्या दिवशी पहाटे उठून बसले, पण बराच वेळ चप्पल घालेनात.

"छातीवर जरा जड हाय गं. उठल्यापासनं हाय."

"चार दिस पडून ऱ्हायल्यावर जडच वाटणार की. चाललं की मोकळं होतंय."

"मग एकच फेरी मारतो आज."

"एक? चार दिस बुडालेत. आज धा झाल्या पायजेत. नेम हाय का चेष्टा हाय?"

गोळ्यांची डबी कोनाड्यात होती. माझा हात तिकडं गेला नाही. डॉक्टरांचं सगळं बोलणं मला पाठ होतं, पण खंडानंतर कमी करा, हे मला आळशी माणसाला दिलेली सवलत वाटली होती.

सहाव्या फेरीला ते गिरणीच्या भिंतीला हात टेकून थांबले. तिथूनच म्हणाले, "साकु गं." आमचं घर कन्नडही बोलतं. फार दमले की त्यांच्या तोंडून मराठी जायची आणि साकु यायचं, म्हणजे पुरे. मी उंबऱ्यातून हसत ओरडले, "नेमाला साकु नसतंय!" गिरणीवालाही हसला. ते पुन्हा चालू लागले. आठव्या फेरीला गिरणीच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. शर्ट घामानं भिजून अंगाला चिकटला होता.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मला. "कधीपासून दुखतंय? नक्की वेळ सांगा, त्यावर उपचार ठरतो."

मी म्हणाले, "आत्ता. चालता चालता."

भीतीनं म्हणाले की लाजेनं, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक लाजेनंच. नवऱ्यानं पडल्या पडल्या डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर काही नव्हतं ना?"

"न्हाय," ते म्हणाले. "आत्ताच."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमी खोटं का सांगितलं ओ?"

त्यांना बोलायला फार वेळ लागला. "समद्यांनी तुला बोल लावला असता की."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. भेटायला येणारे अजून म्हणतात, नेम पाळता पाळता गेला, पुण्यवान माणूस. मी त्यांना चहा देते. खऱ्या वेळेनं काही फरक पडला असता का, हे मी कुठल्याच डॉक्टरांना विचारलेलं नाही. डॉक्टर त्या दोन दिवसांत कितीतरी वेळा माझ्यासमोरून गेले, आणि दर वेळी मी पदर सावरून नुसती उभी राहिले.