तातोबाच्या बंदुकीवरची दुर्बीण

तातोबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कुपवाडला माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा होतो. शेजारच्या कारखान्यात फोन आहे. तिथला कारकून दारात येऊन म्हणाला, "तुमच्या गावाकडनं फोन होता. तातोबा म्हणून कोण होते, ते सकाळी गेले." मी मान हलवली आणि हातातला जॉब पुरा केला. मशीन बंद केलं ते त्यानंतर. असं का वागलो ते मला अजूनही सांगता येत नाही... गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मंडळी ओढ्यावरून अंघोळ करून परतत होती. त्यांच्याकडून कळलं, की तातोबा पाण्याच्या पाटाच्या काठावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, मिरजेच्या एका दवाखान्यात बारा दिवस पडून होता आणि तिथंच ताप छातीत उतरला. बारा दिवस, मिरजेला. मी सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, फटफटीवरून वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि मला कुणी कळवलं नाही. का, म्हणून विचारलं तर त्याचा थोरला भाऊ खाली बघत म्हणाला, "त्यानंच नको म्हनून सांगितलं हुतं." मला दुःखाच्या आधी राग आला. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि शेवटच्या बारा दिवसांत मला दारात उभं करायचं नाही, असं त्यानं का ठरवावं?

आम्ही एका गावचे, साताऱ्याच्या पूर्वेच्या माळाकडचे, आणि शाळेत एका पाटावरचे. तातोबा फौजेत गेला, मी सांगलीला येऊन लेथ शिकलो. पेन्शन घेऊन तो परतला तेव्हा त्याला वाटणीला आलेली चार एकर जमीन बरोबर डोंगराच्या पायथ्याशी होती. निम्म्यात भुईमूग, निम्म्यात ऊस, आणि दोन्हींच्या मुळावर उठलेली रानडुकरं. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं व्हायचं. पीकसंरक्षणाचा परवाना त्याच्या वडिलांपासून चालत आलेला, आणि बंदूकही त्यांचीच, ठासणीची. फौजेत चांगली हत्यारं हाताळलेला हा माणूस त्या जुन्या नळीला तान्ह्या पोरासारखं जपायचा. नळीच्या टोकाला मोहरीएवढी माशी, अलीकडं पितळेची खाच. खाचेत माशी, माशीवर जनावर, अशी तिन्ही एका रेषेत आली की घोडा ओढायचा, एवढंच त्याचं नेमबाजीचं शास्त्र होतं.

आमच्याकडं बंदुकीची दारू तोलत नाहीत, बोटांनी मोजतात. रिकाम्या नळीत ठासायचा गज सोडला की त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर बसतं. दारू, चिंधी आणि गोळी ठासली की गज जितका वर राहील तितकी बोटं त्याला लावून बघायची. सशाला दोन बोटं, डुकराला चार. तातोबाची चार बोटं हा गावात थट्टेचा विषय होता, कारण त्याचा पंजा फावड्याएवढा. पण ही थट्टा ऐकून मी हसलो, विचार कधी केला नाही.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तातोबा पंचेचाळिशी ओलांडून गेला होता. एका सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून तो म्हणाला, "वसंता, आता नेम धरायला जमंना बघ. खाच बघावी तर डुक्कर पुसट, डुक्कर बघावं तर खाच गायब. दोनी एका टायमाला गावतच न्हाईत." हे वयानं प्रत्येकाचंच होतं. मी फटकन म्हणालो, "दुर्बीण बसवू. सगळं एकाच ठिकाणी दिसतं. खाच नको नि माशी नको." त्यानं माझ्याकडं बघितलं. "ठासणीच्या बंदुकीला दुर्बीण? म्हशीला चष्मा घालतोस व्हय रं?" आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पण मी हट्टाला पेटलो होतो. मिरजेच्या भंगारबाजारात मला जुन्या लष्करी रायफलवरची एक आखूड दुर्बीण मिळाली होती, काचा शाबूत असलेली. वर्कशॉप नवं होतं, हात शिवशिवत होते. आपण काय करू शकतो ते मला गावाला दाखवायचं होतं, हे आज कबूल करतो.

त्यानं दोनतीनदा मोडता घातला. धुरानं काच काळी होईल म्हणाला, वजन वाढेल म्हणाला. शेवटी जे बोलला ते खरं होतं. "दुर्बिणीतनं डुक्कर दिसंल गड्या, पर त्याच्या बाजूचं रान न्हाई दिसायचं. उघड्या डोळ्यानं मला बांधावरनं येनारं मानूस बी दिसतंय." मी म्हणालो, "डुक्करच दिसत नसेल तर रान घेऊन काय करतोस?" त्यानं चहा पिऊन संपवला आणि म्हणाला, "बसीव मग." पटलं म्हणून नव्हे, मित्राचं मन मोडायला नको म्हणून. हे मला तेव्हाच कळत होतं...

दुर्बीण नळीवर धरणाऱ्या दोन कड्या मी स्वतः कातल्या. सुताचाही फरक ठेवला नाही. आणि सगळं इतकं काटेकोर करणाऱ्या मी, डोळा आणि दुर्बीण यांच्यातलं अंतर मात्र बोटांनीच धरलं. बंदुकीचं काम, ते बोटांनीच करायचं, अशी लहानपणापासूनची समजूत. ओढ्यात पोत्यांवर बंदूक टेकवून आम्ही चाचणी घेतली. दारू मी भरली, माझी चार बोटं लावून, आणि नेम त्यानं धरला. बार झाला, धक्का बसला, दुर्बीण त्याच्या भुवईच्या दोन बोटं अलीकडं थांबली. "बास की," मी म्हणालो, "दोन बोटं जागा राहतीय." माझी बोटं बारीक, लेथवाल्याची. त्याची चार म्हणजे माझी साडेपाच-सहा, तितकी जास्त दारू आणि तितका मोठा धक्का. हे साधं गणित दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

चार दिवसांनी दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही त्याच्या बांधावर पालथे पडलो होतो. मी मुद्दाम सांगलीहून गेलो होतो, माझं काम बघायला. दारू त्यानं भरली, त्याच्या बोटांनी. उसाच्या कडेला एक दांडगं डुक्कर निघालं. पालथं पडल्यामुळं तातोबाची मान आणखी पुढं आली होती. ते मला दिसत होतं. मी बोललो नाही, कारण डुक्कर बुजेल. बार झाला. पांढऱ्या धुरात काही क्षण काहीच दिसेना, आणि मग तातोबाचा अगदी शांत आवाज आला, "वसंता, डोळ्यात काय गेलं का बघ रं." दुर्बिणीची पितळी कड त्याच्या उजव्या डोळ्यात शिरली होती. डुक्कर डोंगराला लागलं होतं.

उसाच्या ट्रकमधून आम्ही मिरज गाठली. डोळा गेला. डॉक्टरांनी विचारलं, "ही दुर्बीण कुणी बसवली?" मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून तातोबा म्हणाला, "मीच की. हौस, दुसरं काय." गावातही त्यानं तेच सांगितलं. मी गप्प राहिलो. आज ना उद्या सगळ्यांसमोर खरं सांगू, त्याच्या पायाशी बसून माफी मागू, असं म्हणत राहिलो, आणि दिवस ढकलत राहिलो. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "डाव्या डोळ्यावर लक्ष ठेवा. कधी कधी एकाच्या दुखण्यानं दुसराही जातो. तपासायला येत राहा." दोनदा तो आला, माझ्याकडं जेवून गेला. मग म्हणाला, "डावा झ्याक हाय. कशाला उगंच खेपा?" मला तेच ऐकायचं होतं.

त्या डाव्या डोळ्याच्या आधारावर मी चार वर्षं काढली. दर महिन्या-दोन महिन्यांनी फटफटीवरून गावी जायचो. तातोबा सोप्यात भिंतीला टेकून पेपर वाचत बसलेला असायचा. मला बघून पेपर खाली घ्यायचा, "ये गड्या" म्हणायचा. पेपर बहुतेक वेळा शिळा असायचा. विचारलं तर म्हणायचा, "शिळाच बरा. बातमी खरी निगाली का खोटी, ते कळतंय." साखर कारखान्याच्या, पावसाच्या गोष्टी सांगायचा. मी तासभर बसायचो, चहा घ्यायचो आणि हलका होऊन परतायचो. वाचतोय ना, मग माझा गुन्हा निम्माच, असा माझा हिशेब. माफी मागायची राहूनच जायची. एवढा चांगला चाललेला तास कशाला नासवायचा, असं वाटायचं...

दहाव्याला मी गेलो होतो, पण गर्दीत बोलणं झालं नाही. परवा, महिन्याभरानं, पुन्हा गेलो. हौसावहिनींना, त्याच्या बायकोला, तरी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. फटफटी दारात उभी केली. वहिनी स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आल्या, हातात पेपर. तातोबाच्या रिकाम्या जागेपाशी येऊन त्या थबकल्या. मग तिथंच खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"सवय लागलीया भावजी," त्या म्हणाल्या. "तुमची फटफटी वाजली की पेपर त्यांच्या हातात द्यायचा. दीड वरीस झालं, त्यास्नी कायसुदिक दिसत नव्हतं."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

"तुमास्नीच सांगायचं न्हाई म्हनले हुते. गावात समद्यास्नी ठावं हुतं. दुर्बिनीचं बी ठावं हुतं."

पाटाच्या काठावरून तो कसा पडला, हे मी विचारलं नाही. मिरजेला मला का बोलावलं नाही, तेही आता विचारायचं उरलं नव्हतं. जे सांगायला गेलो होतो ते वहिनींना आधीच ठाऊक होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस तर उरलाच नव्हता. वहिनींनी पेपरची नीट घडी घातली. ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.