कणगीतली शिलाई मशीन

आधी तिचं सांगते, मग काय झालं ते. मला उभं केलं ते आमच्या गावच्या गिरणीवाल्या आक्कानं. नात्यानं ती माझी कुणी लागत नाही. माझ्या सासरच्या घराला लागून तिची पिठाची गिरणी, मधे एक भिंत, एवढाच संबंध. तिचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल.

मी सातवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, आईबाप आष्टीकडून ऊसतोडीला निघाले, धाकट्या भावाला सांभाळायला मीही त्यांच्यासंगं गेले, ती परत वर्गात बसलेच नाही. त्यामुळं लिहिताना अजून धाकधूक होते. काहीतरी चुकेल, कुणीतरी हसेल. आता मी गावापासून लांब, इचलकरंजीत आहे. स्वतःच्या चार मशिनी आहेत, तीन बायका कामाला येतात. तरी दुकानाला कुलूप लावून दहा पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघते.

परवा एक बाई कागद घेऊन आमच्या गल्लीत आली. बायकांचे धंदे किती, कसे चालतात, याची पाहणी होती. तिनं मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मागं मशिनी धडधडत होत्या आणि माझ्या ओठावर आलं, "काही नाही, घरीच असते." ओठावर आलेलं मी गिळलं. ते गिळायला मला कुणी शिकवलं, ते लिहायला बसले आहे.

आमचं गाव वडवणीच्या पलीकडं. त्या वर्षी लागोपाठचा दुसरा दुष्काळ होता. गुरं छावणीवर, गुरांमागं गावातले निम्मे बाप्ये छावणीवर, माझा नवराही तिथंच. गावात म्हातारी माणसं, बाया आणि टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. दुष्काळात आमच्याकडं एक रीत आपोआप पडते. वही घेऊन कुणी गावात शिरलं की दारातली शेळी मागच्या दारी जाते, कोंबड्या डालग्याखाली जातात, आणि घरात असतील त्यातले जुने कपडे अंगावर येतात. जवळ काही आहे असं दिसलं तर दुष्काळात सरकारनं काढलेल्या तलावाच्या कामावरून नाव कमी होईल, ही भीती. खरंखोटं कुणी तपासलेलं नसायचं. पण भीतीला पुरावा लागत नाही.

माझ्याकडं शिलाई मशीन होती. लग्नाआधी एक हंगाम मी स्वतः कोयता चालवला होता, त्यातून जुनी घेतलेली. सासरी आल्यावर ती मधल्या खोलीत ठेवली होती. तिथं उजेड कमी, आणि गिऱ्हाईक आलं तरी आधी सासूच्या समोरून यावं लागायचं. सासू दारात बसलेली. ती प्रत्येकीला विचारायची, "फुकट शिवून न्यायला आलीस का?" त्यामुळं बाया कापड घेऊन यायच्या आणि चहा पिऊन परत जायच्या.

एक दिवस ओरड झाली, बीडहून सर्वेवाली बाई आली. सासूनं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"उचल तिकडनं."

"कुठं ठेवू?"

"कणगीत. तसं बी तिच्यात काय हाय आता?"

कणगीत खरंच काही नव्हतं. ज्वारी संपून महिना झाला होता, तळाशी भुसा आणि सोंडे किडे. आम्ही दोघींनी मशीनचं डोकं काढलं, चादरीत गुंडाळलं आणि कणगीत सोडलं. खालचा लोखंडी पायटा, पाय मारायचा तो सांगाडा, जागेवरच राहिला. त्याच्यावर सासूनं गोधड्या रचल्या.

सर्वेवाली बाई तरणी होती, उन्हानं लाल झालेली. तिच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा तुटला होता, पिना लावून धरलेला. मी पाणी दिलं. तिनं पेला त्या पायट्यावरच्या गोधड्यांवर टेकवला आणि लिहायला घेतलं.

"तुम्ही काय करता?"

"काही न्हाई. घरीच असते."

"या गावात कुणी शिवतं का हो? हा पट्टा दिवसभर त्रास देतोय."

माझे हात शिवशिवले. दोन मिनिटांचं काम होतं. सासूनं माझ्याकडं असं बघितलं की मी म्हटलं, "वडवणीला टाकतेत समदे."

असंच घरोघर झालं. बांगड्या भरणारी म्हणाली घरीच. एस.टी. थांब्यावर चहा विकणारी म्हणाली घरीच. शेवया करून देणारीनं शेवयाचा पाट पलंगाखाली सरकवला. एकटी आक्का गिरणीपुढं पदर झटकत उभी राहिली आणि म्हणाली, "गिरणी माझी हाय. वीस वरसं मीच चालवते. लिवा." बाईनं विजेचं बिल मागितलं. मीटर आक्काच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. बाईनं मान हलवली आणि पुरुषाच्या रकान्यात लिहिलं.

पुढं महिन्यानं सोसायटीची बैठक झाली तेव्हा कळलं की ती पाहणी दुष्काळाची नव्हतीच. सोसायटीनं थांब्याजवळ तीन गाळे बांधले होते. त्यातला एक बायकांच्या धंद्याला द्यायचा, असं वरून पत्र होतं. पण गावात बायकांचे धंदे असतील तर. चेअरमननी यादी वाचली, ती वाचायला वेळच लागला नाही.

"बायकांचा धंदा एक बी न्हाई. समद्या घरीच असतेत. मग गाळा रिकामा ठिवून त्याच्यात काय पाली पाळायच्या?"

गाळा चेअरमनच्या मेव्हण्याला पानटपरीला हवा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. उजेडाचा, रस्त्यावरचा, सासूच्या दारापासून लांबचा तो गाळा मी मनात कितीदा झाडून घेतला होता. आणि मीच माझ्या तोंडानं तो घालवला होता.

आक्का उठली. "चेअरमन, आज सकाळी भाकरी खाल्ली का?"

"खाल्ली की."

"पीठ कुणी दळलं? माझा नवरा तर वर गेलाय. तिथून येऊन दळतो व्हय?"

लोक हसले. चेअरमनही हसले, पण यादीवरचा हात काढला नाही. "कागदात हाय ते हाय, आक्का. सर्वेवाल्या बाई शुक्रवारी यादीवर सही न्यायला येणार हायती. तवर काय दाखवायचं ते दाखवा."

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत आक्कानं घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शुक्रवारी बाजार हाय. ज्यानं त्यानं आपापलं काम घेऊन सोसायटीपुढं बसायचं. जे लपवलंय ते बाहेर काढा."

"आन कामावरून नाव कमी झालं तर?" बांगडीवालीनं विचारलं.

"कमी झालं तर पयलं माझं हुईल. मी तर लपवलं बी नव्हतं."

"आक्का, तुमचं आता वय झालं, तुमाला काय भ्यायचं? आमाला लेकरं हायती."

"मला बी होती की. त्यायला याच गिरणीनं मोठं केलं."

शुक्रवारी सकाळी मी काही हालचाल केली नाही. खरं सांगायचं तर मी चुलीपुढं बसून राहिले, बोलावणं आलं तर डोकं दुखतंय म्हणायचं ठरवून. आक्का बोलावत बसलीच नाही. ती सरळ आत आली, सासूच्या समोरून, आणि कणगीत वाकली.

सासू उठली. "कावून आलीस गं आमच्या घरात? तुझी गिरणी समद्यांला दिसती, तुझं काय जातं?"

"दिसती ना? तरी त्यायला दिसली न्हाई. मग तुमची कणगीतली मशीन कशी दिसंल?"

चादरीसकट मशीनचं डोकं तिनं वर काढलं, पदराची चुंबळ केली आणि ते लोखंड स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. तेव्हा तिचे गुडघे दुखायला लागले होते. ती दारातून बाहेर पडली, मागं न बघता. मग मला पायटा उचलावाच लागला. गल्लीतून आम्ही निघालो, पुढं ती, मागं मी, पायट्याचं चाक माझ्या पिंढरीवर आपटत.

सोसायटीपुढं बांगडीवाली आधीच येऊन बसली होती. चहावालीनं स्टो पेटवला होता. शेवयाचा पाट आला, पापडाची परात आली, डालग्यात कोंबड्या आल्या. आक्काला गिरणी आणता येत नव्हती, म्हणून तिनं गिरणीचा पट्टा काढून गळ्यात घातला होता.

"ही जत्रा कसली भरवली?" चेअरमन म्हणाले.

"मोजणी हाय," आक्का म्हणाली. "तुमीच म्हनला, एक बी न्हाई."

सर्वेवाली बाई एस.टी.तून उतरली. बॅगेला तोच पट्टा, त्याच पिना. मी म्हटलं, "बाई, बॅग द्या इकडं." मशीन लावली, पाय मारला, तर चाक फिरेना. आत ज्वारीचा भुसा गेलेला. मी फुंकलं, ओढलं, दोरा दोनदा तुटला. मागून कुणीतरी हसलं. मला वाटलं आता जमिनीत जावं.

तेवढ्यात गर्दीतून सासू पुढं आली. कधी मागं आली होती कोण जाणे. कमरेच्या पिशवीतून तिनं मशीनच्या तेलाची छोटी बाटली काढली.

"घे. आणलीच हाय गावापुढं तर हसं नगं करू."

तेल सोडलं, भुसा निघाला, चाक फिरलं. पट्टा शिवून मी बॅग बाईच्या हातात दिली. तिनं ओढून बघितला आणि कागद काढला.

"ही मशीन कुणाची? धंदा कुणाचा?"

सोपं होतं. पण आजवर मी कशालाच माझं म्हटलं नव्हतं, ना घराला, ना ताटाला. आक्का माझ्याकडं बघत होती.

"माझा," मी म्हटलं.

"तिचाच लिवा," सासू म्हणाली. "ऊस तोडून आणलीय तिनं. आमी न्हाई दिली."

त्या दिवशी बाईनं दोन कागद भरून लिहिलं. आक्काच्या गिरणीचंही परत लिहिलं, मीटर मेलेल्याचा असला तरी गिरणी जितीची, असं म्हणत. चेअरमननी सही केली, कारण सगळं गाव उभं होतं. गाळा बायकांना मिळाला. आक्कानं तो मागितला नाही. "गिरणी काय उचलून न्यायची हाय? पोरीला द्या," एवढंच म्हणाली. त्या गाळ्यात मी सहा वर्षं शिवलं, मग इचलकरंजीला आले. दारापुढं चहावाली बसायची.

आणि भीती अगदीच खोटी निघाली नाही. पुढच्या आठवड्यात तलावाच्या कामावर एक नाव कमी झालं, आक्काचं. गिरणी आहे, हिला काम कशाला, असं सांगण्यात आलं. मी रडत गेले तर ती म्हणाली, "रडतीस कावून? मी बोलले तवाच मला ठाऊक हुतं." मग ती महिनाभर वडवणीला हेलपाटे घालत राहिली, ज्या साहेबाला भेटायचं त्याच्या दारात बसून राहिली, आणि नाव परत लावून घेऊनच आली. पण तो महिना तिचा गेला, आणि तो माझ्यासाठी गेला. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र विसरलेले नाही.

परवा इथल्या बाईला मी सांगितलं, चार मशिनी, माझ्या. आणि तिनं लिहिलेलं वाकून वाचून घेतलं.

आक्का अजून गिरणी चालवते. आता खुर्ची टाकून बसते, गुडघे वळत नाहीत. मीटर अजून तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि गिरणीवर कुणाचंच नाव नाही, लोक नुसतं गिरणी म्हणतात. एक दिवस मी गावी जाईन, तिला घेऊन वीज कचेरीत बसेन, आणि मीटर तिच्या नावावर झाल्याशिवाय उठणार नाही, महिना लागला तरी. मग गिरणीवर पाटी लावीन, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. तिचं नाव मी इथं लिहिलं नाही ते याच्यासाठी. पहिल्यांदा ते तिथं लिहिलं जाईल.