उरेल ते उत्तर

धारवाडच्या मुकुंदराव मास्तरांना बरोबर काय, ते कुणी विचारू नये. चूक काय ते विचारावं. मग ते थांबत नसत. ट्रेनिंग कॉलेजातून ते बुद्धिचाचणीचे नवे प्रश्न शिकून आले होते. प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यांतलं एकच खरं. "खऱ्याच्या मागे धावू नका," ते वर्गात सांगत. "अशक्य ते एकेक खोडा. उरेल ते उत्तर." मुलं भराभर पास होत.

घरी मात्र ही विद्या त्यांच्या बायकोच्या, अंबूताईंच्या जिवावर उठली होती. वांगी आणायला गेलेले मास्तर टोपलीतली सगळी वांगी बाद करून परतत, की घरात पुन्हा पिठलं. तेही चाललं असतं. पण सुमनला एकविसावं लागलं होतं, आणि लेकीला सांगून आलेली स्थळंही मास्तर तशीच तपासत होते. अळणावरचा लाकडाचा व्यापारी फार बोलला, खोडला. बेळगावचा वकील बोललाच नाही, खोडला. तिसऱ्यानं कॉफी बशीत ओतून फुरका मारला.

"तुम्हीही बशीतनंच पिता की हो," अंबूताई म्हणाल्या.

"मी कुठं उमेदवार आहे?"

चौथा हुबळीचा बाळकृष्ण, रेल्वेतला कारकून. त्यानंतर कुणी सांगून यायचं चिन्ह नव्हतं. तो यायच्या दिवशी अंबूताईंनी सकाळीच बजावलं, "तिघं खोडून झाले. तुमच्याच नियमानं हा बरोबर. साकु आता, पुरे झालं."

"उरलेलंही एकदा पडताळायचं असतं."

बाळकृष्ण मामाला घेऊन आला. उप्पीट झालं. मास्तरांनी चष्मा पुसत पडताळणी सुरू केली.

"आमचीच मुलगी का पाहायला आलात?"

"पाच ठिकाणी मला नकार आला," बाळकृष्ण सरळ म्हणाला. "तुमचंच घर राहिलंय."

मामानं कपाळाला हात लावला. अंबूताईंना वाटलं, संपलं. तेवढ्यात माजघरातून सुमनचं हसू ऐकू आलं, दाबून न दबलेलं. त्या लगबगीनं आत गेल्या.

"आई, अप्पांना सांग," सुमन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हा खोडू नका म्हणावं."

बाहेर मास्तर मामांना समजावत होते, "दोन्हीकडून ताळा जमला बघा. असं सहसा होत नाही."

मग सुपारी फोडायची म्हणून ते उत्साहानं नारळ आणायला बाजारात गेले, आणि तासाभरानं रिकाम्या हातानं परतले. सगळेच बाद.

अंबूताईंनी तोवर शेजारच्या कृष्णाबाईंकडचा नारळ आणून, कुंकू लावून ठेवलाही होता.