मामी आधी कमेंटी वाचायची

आमच्या शनवाऱ्यातली मामी व्हिडिओ बघायच्या आधी त्याच्या खालच्या कमेंटी वाचायची. मी म्हणायचो, "मामी, जेवणाआधी खरकटं कशाला उपसतेस?" तर म्हणायची, "वर एक माणूस बोलतो रे भो, खाली गाव बोलतं. गाव कसं आहे ते आधी कळायला नको?" माझी सख्खी मामी नव्हती ती, साऱ्या गल्लीचीच होती. नवरा गेलेला, मुलगा पुण्याला, हातात मुलानं दिलेला मोबाईल. आणि मी गावाच्या ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन, म्हणजे तिचे सगळे उपद्व्याप माझ्याच डोक्यावर.

उपद्व्याप म्हणजे काय, तर कमेंटीतसुद्धा ती ओट्यावर बसल्यासारखी बोलायची. केळीच्या भावाच्या एका व्हिडिओखाली दोघं आयमाय काढून भांडत होते. मध्येच हिनं लिहिलं, "पोरांनो, जेवलात का? उपाशी माणूस फार चिडतो." त्यातल्या एकानं तिलाच शिवी हासडली. मामीनं त्याचं आडनाव बघितलं आणि लिहिलं, "तुझ्या आजीसोबत मी पापड लाटलेत. ती अशी नव्हती बाबा." त्या पठ्ठ्यानं मुकाट्यानं शिवी पुसून टाकली.

मग एका दुपारी ग्रुपवर आमच्या तापीकाठच्या राजघाटाचा तो व्हिडिओ आला. कोणीतरी लांबून काढलेला. हिरव्या लुगड्यातली एक बाई, पाठमोरी, डोक्यावर पदर. इकडेतिकडे बघते, छातीशी धरलेलं दुपट्यातलं गाठोडं तापीत सोडते आणि डोळे पुसत निघून जाते. वर लिहिलेलं, 'माँ है या डायन?' झालं! खाली जत्रा भरली. "बच्चा फेंक दिया!" "ढूंढो इसको." "हिला पण तिथंच बुडवा."

मी व्हिडिओ काढून टाकणार, तेवढ्यात मामीचा फोन. "काढू नको. ही पोरं कुठं निघालीत ते इथंच दिसतंय." तिनं खाली लिहिलं होतं, "बाळ असेल तर आधी पाण्यात बघा. बाईला मग शोधा." त्यावर दोघंतिघं हसले, बस. पाण्याकडे कोणी फिरकलं नाही. आणि मग एकानं लिहिलं, "ये तो जसोंडी की बहू लगती है." दुसऱ्यानं लगेच, "गाड़ी निकालो."

मी लगेच फोन उचलला. पोलिसांना कळवलं, पण जसोंडी गावात ही पोरंच आधी पोचणार होती. ती बाई दोषी की निर्दोष, देव जाणे. पण हे लोक तिथं गेल्यावर विचारपूस करणार नव्हते, एवढं स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात मामीची कमेंट आली. "जसोंडीला जाऊ नका. ती बाई मी आहे. शनवाऱ्यात घरीच बसलेय, या."

मी फोनवर ओरडलोच. "मामी, डोकं फिरलं का तुझं? तू तर सकाळपासून घरात वाटाणे सोलत होतीस!"

"मग? हिरवं लुगडं माझ्याकडे पण आहे. बडबड करू नको, राजघाटावर पळ. नावाडी घे आणि गाठोडं शोध."

नावाडी बांबूनं चाचपत चाचपत धारेबरोबर खाली निघाला. गाठोडं एका खडकाला अडकलं होतं. त्यानं ते नावेत ओढून घेतलं, पण गाठ सोडायला दोघांचेही हात पुढं होईनात. शेवटी मीच डोळे मिटून सोडली. आत नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या. तापीमाईची ओटी! मूल व्हावं म्हणून आमच्याकडच्या काही बाया नवसाची ओटी अशी कोऱ्या दुपट्यात बांधून सोडतात, एकट्या येऊन, घरच्यांना न सांगता. मी नावेतच रडलो.

मामीच्या दारात आलो तर ही गर्दी! मामी हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी, दोन्ही हात चौकटीला. कोणाचा तरी दगड कपाळाला लागला होता, रक्त भुवईपर्यंत आलं होतं. एक जण ओरडत होता, "बच्चा किधर है?"

"पुण्यात आहे. बँकेत नोकरीला," मामी म्हणाली.

मी त्यांच्यासमोर ओट्यावर दुपटं उलगडलं. नारळ घरंगळत पायरीवरून खाली गेला. एकेक जण गाडीला किक मारून सटकला. माफीचं तर नाव नको. ती बाई कोण होती ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि मामीनं कळूनही घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. मी ग्रुपवर तिचा फोटो टाकला, तर त्याच पोरांनी खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली. मी दातओठ खात वाचत गेलो आणि रडत गेलो. खूप आठवण येते तिची.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी तिच्या जखमेत हळद भरत होतो. विचारलं, "मामी, मी त्या दुपट्यातून खरंच बाळ घेऊन आलो असतो तर गं?"

तिनं पदरानं भुवईवरचं रक्त पुसलं.

"तर बाळासाठी ऊर बडवून रडले असते," ती म्हणाली. "पोलीस आले असते तर त्यांना खरं ते सांगितलं असतं. पण दारातून हलले नसते रे."